दस्तगीरभाईंचा राजीनामा

बार्शी रस्त्यावरची जुनी माणसं भेटली की अजून मला विचारतात, "मास्तर, अप्पांचं आणि दस्तगीरमामांचं नेमकं बिनसलं कशावरून हो?" मी आजवर हसून वेळ मारून नेत आलो. बिनसलं काहीच नव्हतं. पण एवढ्यावर कोणाचं समाधान होत नाही. चांगल्या मालकाची चांगली नोकरी माणूस आपणहून सोडतो, यावर आपल्या लोकांचा विश्वासच नाही. आता ते दोघंही गेले आणि अप्पांची सर्व्हिसही राहिली नाही. तेव्हा खरं काय ते सांगायला हरकत नाही.

तिसाव्या सालाच्या पुढेमागे सोलापूरहून बार्शीला रेल्वेने जायचं तर कुर्डुवाडीला उतरून गाडी बदलावी लागे, आणि त्यात सबंध दिवस मोडायचा. शिवलिंगप्पा नावाच्या भुसार व्यापाऱ्यांनी दोन मोटारी घेऊन सरळ रस्त्याने सर्व्हिस सुरू केली होती. त्यांना सगळे अप्पा म्हणत. घरात कानडी, दुकानात मराठी, आणि राग आला की दोन्ही भाषा सोडून गप्प बसायचं, अशी त्यांची रीत. मी मॅट्रिकला आपटलेला तेवीस वर्षांचा गडी, त्यांच्या शुक्रवार पेठेतल्या हापिसात तिकिटं फाडायला लागलो आणि सगळ्यांचा मास्तर झालो. हापिस म्हणजे एक टेबल, एक बाक आणि मागे मोटारी उभ्या करायची पत्र्याची शेड. दोन ड्रायव्हरांपैकी थोरले दस्तगीरभाई. अप्पांनी पहिली मोटार घेतली तीच मुळी यांच्या भरवशावर.

पन्नाशीला टेकलेले, उंच, मेंदी लावलेली आखूड दाढी. अंगात खाकी कोट, आणि त्याची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. वैशाखात सोलापूरला माणूस अंगातली बंडीसुद्धा काढून बसतो, पण दस्तगीरभाईंचं वरचं बटण कधी सुटलेलं मी पाहिलं नाही. एकदा न राहवून विचारलं. म्हणाले, "बायामानसं, लेकरंबाळं त्येंचा जीव आपल्या हातात देत्यात, मास्तर. उघड्या छातीनं घ्यायचा का त्यो?"

मोटारी तेव्हा नव्या होत्या आणि बैलांना त्यांचं फार भय. गाडी दिसली की बैल बुजायचे, जू टाकून शेतात शिरायचे. दुसरे ड्रायव्हर भोंगा वाजवत निघून जात आणि मागे शिव्या ऐकू येत. दस्तगीरभाई बैलगाडी दिसताच मोटार कडेला घेऊन इंजिन बंद करायचे. मग खाली उतरून बैलाच्या कासऱ्याला धरून त्याच्याशी काहीबाही बोलत त्याला मोटारीच्या पुढे काढून द्यायचे. मग पुन्हा हँडल मारून इंजिन चालू करणं आलं. उन्हात ते काम सोपं नव्हतं. घाईतले उतारू कुरकुरत. त्यांना ते म्हणत, "रस्ता आपल्या बापाचा न्हाई, बैलाच्या बापाचा हाय. आपुन काल आलाव."

एकदा एक फौजदार बायकोमुलांसह पाचजण हापिसात आले. मोटारीत जागा दोनच उरल्या होत्या. फौजदार म्हणाले, "दाटीवाटीनं बसवा की."

"बसवतो, साहेब," दस्तगीरभाई म्हणाले. "पर मंग तीन मानसं उतरवाया लागत्याल. कुनाला उतरवू त्ये तुमी बोट दावा."

फौजदारांनी आत पाहिलं. आतली सगळी माणसं त्यांच्याकडे पाहत होती. त्यांना काही बोट उचलवेना. दुसऱ्या दिवशी अप्पांच्या दुकानावर तक्रार गेली. अप्पांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि म्हणाले, "मी ज्वारी विकणारा माणूस. गाडीतलं मला काही कळत नाही. ज्याला कळतं त्याला मी ठेवलाय." अप्पा असे होते, म्हणून दस्तगीरभाईंना तसं वागता येत होतं.

अप्पांबद्दल दस्तगीरभाई फारसं बोलत नसत. एकदाच बोलले. त्यांच्या बायकोच्या, खातूनबींच्या पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी नोकरीला नव्हतो. अप्पांनी त्या दिवशीची फेरी बंद ठेवून मोटारीतून त्यांना दवाखान्यात नेलं आणि संध्याकाळपर्यंत स्वतः बाहेरच्या बाकावर बसून राहिले. "घरनं डबा आला हुता त्येंचा," दस्तगीरभाई म्हणाले. "अप्पांनी उघडला न्हाई. मी जेवलो न्हवतो म्हनून." एवढं सांगून ते मोटारीचं तेल बघायला निघून गेले.

आता मूळ गोष्ट. ते बार्शीहून परत येत होते. वडाळ्याच्या अलीकडे एक बाई डोक्यावर घागर घेऊन डाव्या बाजूने रस्त्यावर आली. शेजारी बसलेला उतारू ओरडला म्हणून दस्तगीरभाईंचा पाय ब्रेकवर गेला. मोटार बाईच्या हातभर अंतरावर थांबली. बाईला काही झालं नाही. घागर तेवढी खाली आली. बाईने यथेच्छ शिव्या दिल्या, दस्तगीरभाईंनी उतरून विहिरीवरून घागर भरून आणून दिली, उतारू हसले आणि सोलापूर येईपर्यंत विसरूनही गेले.

दस्तगीरभाई मात्र घरी गेले नाहीत. उतारू पांगल्यावर ते मला म्हणाले, "मास्तर, जरा शेडमंदी या." ऊन अजून पुष्कळ होतं. ते मोटारीत आपल्या जागेवर बसले. समोरच्या भिंतीत एक खिळा होता, त्याच्यावर त्यांनी नजर लावली. माझ्या हातात मोटार पुसायची लाल चिंधी दिली आणि म्हणाले, "तुमी तकडं डाव्या अंगाला मागं हुबा ऱ्हावा. चिंधी अशी धरून हळूहळू म्होरं या. मला दिसली की मी बोलतो."

मी चालायला लागलो. मागच्या चाकापासून निघालो, दारापाशी आलो, पुढच्या चाकापाशी आलो. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं चेष्टा करताहेत. दिव्याच्या पुढे जाऊन मी जवळजवळ मोटारीच्या तोंडाशी आलो, तेव्हा ते म्हणाले, "आली."

असं तीनदा केलं. मग उजव्या बाजूने केलं. ती बाजू थोडी बरी होती, पण थोडीच. मग त्यांनी मला आपल्या जागेवर बसवलं आणि चिंधी घेऊन स्वतः चालले. मला ती दारापाशीच दिसली. मी तसं सांगितलं. त्यांनी चिंधीची नीट घडी केली, बैठकीच्या मागे ठेवली आणि म्हणाले, "बरं."

दुसरा दिवस त्यांच्या सुट्टीचा होता. आठवड्यातून एक दिवस ड्रायव्हरला सुट्टी, हाही अप्पांचाच नियम, इतर मालक त्याला हसत. सकाळी ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले आणि दुपारी हापिसात येऊन माझ्यासमोर बसले. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. समोरचं अजून काही वर्षं दिसेल, कडेचं गेलं ते गेलं, ते काही परत येणार नाही.

मी अजून कच्चा होतो. धीर द्यायचा म्हणून म्हणालो, "समोरचं चांगलं दिसतंय ना? जपून चालवा म्हणजे झालं. कोणाला काय कळणार आहे?"

"मला कळलं की आता," ते म्हणाले. "कालपतोर म्हाईत न्हवतं, ती चूक हुती. आता म्हाईत झालंय. हितनं म्होरं त्यो गुन्हा." मग खिशातून एक कोरा कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवला. "अप्पांना चिठ्ठी लिवायची हाय. लिवा. आन् त्येंच्या हातात पडंपतोर कुनाला बोलू नगा. मालकाला पयल्यांदा कळाया पायजे, आन् आपल्याकडनं कळाया पायजे."

त्यांना थोडं उर्दू वाचता यायचं, मराठी लिहिता येत नव्हतं. मला माझ्या मराठीचा अभिमान. मी झोकात सुरुवात केली. 'आपल्या अन्नावर पोसलेला हा पामर' इथवर आलो आणि वाचून दाखवलं.

"पामर कोन?"

"तुम्ही."

"खोडा. अप्पांनी मला पामर म्हनून ठिवलं न्हवतं."

मी खोडलं आणि लिहिलं, 'प्रकृतीच्या कारणास्तव'.

"प्रकृती बरी हाय माजी. डोळं लिवा. खरं लिवलं तरच अप्पा सोडत्याल, न्हाई तर इचारत बसत्याल."

असं खोडून खोडून शेवटी चार ओळी उरल्या. अप्पा, माझ्या डोळ्यांना कडेचं दिसत नाही. डॉक्टर म्हणतात हे बरं होणार नाही. उद्यापासून मी गाडी हातात घेणार नाही. तुमच्याकडे दहा वर्षं बरी गेली.

मी म्हटलं, "'बरी' फार कोरडं वाटतं. उत्तम लिहू? आनंदाची लिहू?"

त्यांनी थोडा विचार केला. "न्हाई. बरी म्हंजे बरीच. अप्पांना कळतंय त्ये."

संध्याकाळी ते आणि मी दुकानावर गेलो. मी नको म्हणत होतो, पण त्यांना वाटलं, अक्षर लावायला अडलं तर मी असावा. अप्पांनी गिऱ्हाईक वाटेला लावलं आणि चिठ्ठी वाचली. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वाचली. मग चष्मा काढून गादीवर ठेवला.

"कुठल्या डॉक्टरांनी सांगितलं? आपण पुण्याला दाखवू. मुंबईला दाखवू."

"दावू की. पर गाडी न्हाई."

"गाडी राहू दे. हापिसात बस. सगळ्यांच्या वर देखरेख कर. मास्तर तुझ्या हाताखाली."

मी मान डोलावली. मला ते मनापासून आवडलं असतं. दस्तगीरभाई म्हणाले, "अप्पा, मी तितं खुर्ची टाकून बसलो तर नवा डायवर रस्ता सोडून मलाच घाबरत गाडी चालवंल. त्येचं चाक त्येला द्या. मानूस मी बगून देतो."

अप्पांनी चिठ्ठी घडी करून गल्ल्यात ठेवली. मग म्हणाले, "लोकांना काय सांगायचं? डोळ्यांचं सांगू?"

"त्ये नगा सांगू. लोक म्हनत्याल, आंधळ्याच्या हातात गाडी दिली हुती. दहा वर्सांचं नाव एका दिसात जाईल तुमचं."

"आणि नाही सांगितलं तर म्हणतील, म्हातारा झाला म्हणून हाकलला."

"म्हनू द्या. त्येचं मी बगतो."

हे बरोबर होतं की नाही, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. लोकांना खरं कळायला हवं होतं असं एक मन म्हणतं. पण ज्या दिवशी त्यांना स्वतःला कळलं त्या दिवसापासून त्यांनी चाकाला हात लावला नव्हता, हेही खरंच.

निघताना अप्पा उठून दारापर्यंत आले. दुकानात ते कोणासाठी उठत नसत. म्हणाले, "दस्तगीर, माझ्याकडून काही कमी राहिलं असेल तर आज सांग."

"ऱ्हायलं असतं तर सोपं गेलं असतं की, अप्पा," दस्तगीरभाई म्हणाले, आणि पायरी चाचपत खाली उतरले.

त्यांनी निवडलेला माणूस मारुती. तिशीचा, एका जिनिंग कारखान्यात लॉरी चालवत होता. हात चांगला, पण बोलणं थोडं आणि चेहरा कायम आंबट. पहिल्याच आठवड्यात व्हायचं ते झालं. वाऱ्यासारखी बातमी पसरली की अप्पांनी दस्तगीरमामांना काढलं. याच रस्त्यावर दुसऱ्या एका मालकाचीही मोटार चालत असे. ते गृहस्थ एक दिवस दस्तगीरभाईंच्या घरी आले. दस्तगीरभाईंचा हापिसात राहिलेला डबा पोचवायला गेलेला मीही तिथेच होतो. मालक म्हणाले, "आमच्याकडे या. आणि तिकडं काय झालं ते मोकळेपणानं बोला, घरचंच समजा."

खातूनबींनी चहा आणला. दस्तगीरभाई म्हणाले, "अप्पांचं बोलायचं तर सकाळपतोर बसाया लागंल तुमाला. चांगलं लई हाय त्येंचं. कुटनं सुरू करू?"

पाहुण्यांनी चहा संपवला आणि काम आठवून ते उठले.

पण वाटेवरच्या गावांना चहा पाजून भागणार नव्हतं. बार्शीच्या अलीकडच्या वैराग गावचे उतारू मारुतीच्या मोटारीत बसेनात. मामांना काढलं त्या गाडीत पाय ठेवणार नाही, असं तिथल्या बायकांनी ठरवलं होतं. बैलगाडीने जाऊ, नाहीतर दुसऱ्या मोटारीने जाऊ. मारुती तीन दिवस जवळजवळ रिकामी गाडी घेऊन परत आला. तिसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "मास्तर, मी जातो माज्या लॉरीवर. ह्या मानसांनी मला चोर ठरिवलंय." अप्पांनी हे ऐकलं. ते दुपारी दोनदा हापिसात येऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दस्तगीरभाई हापिसात हजर. अंगात खाकी कोट नव्हता, पांढरा कुडता होता. हापिसात मी त्यांना कोटाशिवाय पहिल्यांदाच पाहिलं. एकदम घरातले, कोणाचे तरी काका वाटले.

"एक टिकिट द्या, मास्तर. बार्शी."

"तुम्हाला कसलं तिकीट? अप्पा मला घरी पाठवतील."

"फुकट बसलो तर लोक म्हनत्याल, ह्यो अप्पांचा मानूस. टिकिट काडून बसलो तर म्हनत्याल, ह्यो शाना मानूस. फाडा."

मी फाडलं. त्या दिवशी मलाही बार्शीला काम होतं, म्हणून पुढचं सगळं डोळ्यांनी पाहिलं. दस्तगीरभाई पुढे मारुतीशेजारी बसले. वैराग आलं. लिंबाखाली पंधरा-वीस माणसं उभी होती, त्यांच्यात गंगूबाई नावाची एक म्हातारी. बाजाराला नेमाने बार्शीला जाणारी, आणि तिच्या तोंडाला सगळं गाव भ्यायचं. मोटार थांबली, पण कोणी हललं नाही. मी मागून पाहत होतो. दस्तगीरभाईंनी खाली कोणाकडे पाहिलं नाही. मान मागे टाकली, डोळे मिटले, आणि थोड्या वेळाने चक्क घोरायला लागले.

गंगूबाई पुढे आली. आत डोकावून मारुतीला म्हणाली, "मामा झोपल्यात व्हय रं?"

"व्हय," मारुती म्हणाला. एवढंच म्हणाला, ते बरं झालं.

म्हातारीने मामांकडे नीट पाहिलं. मग मागे वळून म्हणाली, "दहा वर्सांत ह्यो मानूस दुपारीसुदिक डोळा लावत न्हवता. ह्या गड्याच्या गाडीत झोपलाय बगा." आणि तिने आपलं बोचकं आत टाकलं. मग बाकीची माणसं चढली. सगळी नाही, पण निम्म्याहून जास्त.

बार्शीला उतरल्यावर मी म्हणालो, "झोप छान लागली तुम्हाला."

त्यांनी उजवा पाय पुढे केला. चपलेचा अंगठा तुटून लोंबत होता. "झोप कसली, मास्तर. वळनावळनाला बिरेक दाबीत आलो की. पायाखाली फळी हाय म्हनून, न्हाई तर रस्त्याला भोक पडलं असतं." मग चांभार शोधत चालताना म्हणाले, "चालवतोय बरं. माज्यापरास एक वळन त्यो चांगलं घेतोय. त्ये त्येला सांगू नगा."

त्यानंतर महिनाभर ते दिवसाआड तिकीट काढून त्या मोटारीत बसत. मारुतीने मला पुढे सांगितलं की, मामांनी 'असं चालव, तसं चालव' हे एकदाही म्हटलं नाही. ते फक्त माणसं सांगत. या वस्तीवर एक म्हातारा आहे, त्याला ऐकू येत नाही, तो रस्त्याच्या मधून चालतो. त्या विहिरीवरून बायका याच वेळेला येतात. इथल्या शाळेची घंटा झाली की पोरं पाहत नाहीत, सुटतात. मारुती हे ऐकून घेई. महिन्याच्या शेवटी वैरागची माणसं त्याला नावाने हाक मारू लागली. गंगूबाई तर त्याला लग्नासाठी स्थळं सुचवू लागली, तो विवाहित आहे हे कळेपर्यंत.

मग एका सकाळी दस्तगीरभाई आलेच नाहीत. मारुतीने पाच मिनिटं वाट पाहिली. अप्पांच्या सर्व्हिसची मोटार उशिरा सुटल्याचा तो एकच दिवस. मी रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन पाहून आलो. परत येऊन मान हलवली, तेव्हा मारुतीने हँडल मारलं.

पुढे दस्तगीरभाई घरी सुंभाच्या खाटा, बाजा विणायचे. हाताला कळतं, डोळे लागत नाहीत, म्हणायचे. दोन-तीन वर्षांत समोरचंही अंधुक झालं. मी नगरपालिकेत चिकटलो. अप्पांची नोकरी सोडताना मीही चिठ्ठी चार ओळींचीच लिहिली. अप्पांनी ती वाचून विचारलं, "यातलं तुझं किती आणि त्याचं किती?" पुढे लवकरच अप्पांनी मोटारी विकल्या. मारुतीला नव्या मालकाकडे त्यांनीच नेऊन दिलं.

दस्तगीरभाईंना मी शेवटचं पाहिलं ते तळ्याकाठी, एका संध्याकाळी. ऊन उतरलं होतं, फिरायला आलेली माणसं होती. कठड्याला टेकून ते आणि अप्पा बसले होते. अप्पांच्या हातात वर्तमानपत्र होतं आणि ते मोठ्याने वाचत होते. अप्पांचं वाचणं व्यापाऱ्याचं, ते आधी बाजारभावावर गेले होते.

"त्ये ज्वारीचं ऱ्हाऊ द्या, अप्पा. पयल्या पानावर काय हाय?"

अप्पांनी पान उलटलं. वाऱ्याने कागद फडफडला, तेव्हा दस्तगीरभाईंनी हाताने चाचपून त्याचा कोपरा दाबून धरला. अप्पा पुन्हा सुरू झाले, कानडी हेलात, स्वल्पविराम न पाळता, एका दमात. मी हाक मारायला पुढे झालो होतो. तोंडात नाव आलं होतं.

"लई पळवताव तुमी," दस्तगीरभाई म्हणाले. "जरा सावकास."

"बरं," अप्पा म्हणाले, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागले.

मी हाक न मारता तसाच मागे फिरलो.